वेल्श बटालियनच्या धारातीर्थी पडलेल्या अधिकाऱ्यांची वेगळी नामावली असावी का?

गडवाट (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने भूदलातील मृतांच्या अधिकृत याद्या छापल्या, तेव्हा अधिकाऱ्यांसाठी एक स्वतंत्र ग्रंथ काढला आणि इतर सर्व हुद्द्यांच्या सैनिकांसाठी ८० भाग. एकेका बटालियनचा इतिहास लिहिणारे बरेच अभ्यासक आजही हीच वाट धरतात. आधी मृत अधिकाऱ्यांची नावे, छायाचित्रे, शिक्षण, घराणे आणि मृत्यूचा प्रसंग, आणि त्यानंतर जमल्यास जवानांची नुसती यादी. वेल्श बटालियनांच्या बाबतीत या पद्धतीवर 'सरंजामी' असा शिक्का बसतो, तो मला अन्यायकारक वाटतो.

बटालियनमध्ये हजारभर माणसे असत आणि अधिकारी साधारण तीस. हल्ल्याच्या वेळी पुढे राहण्याची जबाबदारी या मूठभरांवर होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यातील साध्या सैनिकांपैकी सुमारे १२ टक्के मारले गेले, तर अधिकाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के. फ्रान्समधील सोमच्या लढाईत ३८व्या (वेल्श) डिव्हिजनने, म्हणजे अनेक बटालियनांच्या मिळून बनलेल्या दलाने, ७ ते १२ जुलै १९१६ या दिवसांत मामेत्झचे जंगल जिंकले, तेव्हा तिचे सुमारे ४,००० लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी १६व्या रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रोनाल्ड कार्डन यांनी १० जुलैच्या हल्ल्यापूर्वी आपल्या छडीला रंगीत रुमाल बांधला आणि मी कोठे आहे हे तुम्हाला यावरून कळेल, असे सैनिकांना सांगितले. जो रुमाल आपल्या माणसांना दिसणार होता तो शत्रूलाही दिसणार होता, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मानता येत नाही. जंगलाच्या कडेशीच ते मारले गेले. अशा माणसांचे वेगळे स्मरण करणे हा इतरांचा अवमान कसा ठरतो, हे विरोधकांनी सांगावे.

शब्दवेध

कार्डन यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझा विरोध त्यांच्या स्मरणाला नसून, हुद्दा हीच स्मरणाची पात्रता मानण्याला आहे. त्याच रणांगणावरचे आणखी एक उदाहरण देतो.

७ जुलै १९१६ रोजी वेल्श रेजिमेंटची १६वी, म्हणजे कार्डिफ शहराची, बटालियन त्याच जंगलाच्या पूर्वेकडील टोकावर चालून गेली. हल्ला धुराच्या पडद्याआडून व्हायचा होता. तो पडदा आलाच नाही, आणि बाजूच्या झाडीतील मशीनगनच्या माऱ्यात ही माणसे उघड्यावर सापडली. या एकाच बटालियनमध्ये वेल्सकडून आंतरराष्ट्रीय रग्बी खेळलेले दोन खेळाडू होते. १७ सामने खेळलेले जॉनी विल्यम्स कॅप्टन होते, तर ४ सामने खेळलेले डिक थॉमस पोलीस खात्यातून आलेले कंपनी सार्जंट मेजर, म्हणजे अधिकारी नव्हेत. थॉमस त्याच दिवशी मारले गेले आणि त्यांचा देह सापडला नाही. थिएपव्हाल येथील स्मारकावर बेपत्ता असलेल्या ७२ हजारांहून अधिक नावांत त्यांचे नाव आहे. विल्यम्स जखमी झाले, त्यांचा पाय कापावा लागला आणि १२ जुलैला ते गेले. त्यांची कबर कोर्बी येथे आहे. आपल्या नामावलीत विल्यम्स छायाचित्रासह येतील आणि थॉमस मुळीच येणार नाहीत. एकच जर्सी घातलेली, एकाच हल्ल्यात पडलेली ही दोन माणसे आहेत, आणि ज्याच्या वाट्याला कबरही आली नाही त्यालाच आपण पुन्हा वगळणार.

ही समानता आजच्या काळाची लहर आहे, असेही नाही. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू, संसद सदस्य आणि रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधील लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला, तेव्हा राजाच्या परवानगीने त्याचा देह उकरून वेल्समधील हॉर्डन या गावी आणण्यात आला. शेजारच्या खंदकात मेलेल्या खाणकामगाराच्या आईला ही सवलत कोण देणार होते? मृतांच्या कबरींचे काम पाहणाऱ्या फेबियन वेअर यांनी अशा प्रकारांना विरोध केला आणि त्याच वर्षी देह मायदेशी नेण्यावर बंदी आली. पुढे १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (युद्धातील मृतांच्या कबरी सांभाळणारी संस्था) स्थापन झाले आणि १९१८ च्या केनियन अहवालाने हुद्दा न पाहता सर्वांना एकाच मापाची शिळा देण्याचे ठरवले. याविरुद्ध ८,००० हून अधिक सह्यांचा अर्ज गेला, मे १९२० मध्ये संसदेत वादळी चर्चा झाली, तरीही हे तत्त्व टिकले. ज्यांनी स्वतःची मुले गमावली होती त्या पिढीने एवढे भांडून जे मिळवले, ते आपण शंभर वर्षांनी यादीच्या सोयीसाठी का सोडावे?

गडवाट

शब्दवेध, आपली दोन्ही उदाहरणे बिनतोड आहेत, परंतु स्मशानभूमीचा नियम आपण अभ्यासाच्या क्षेत्राला लावत आहात. माझी नामावली कोणाची शिळा हटवत नाही.

शिवाय अधिकाऱ्यांबद्दल अधिक लिहिले जाते याचे कारण प्रत्येक वेळी अहंकार नसते. पुष्कळदा ते कागदपत्रांत असते. सप्टेंबर १९४० मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनमधील लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि साध्या सैनिकांच्या सेवानोंदींपैकी निम्म्याहून अधिक जळाल्या. उरलेल्या कडा करपलेल्या, पाण्याने फुगलेल्या अवस्थेत आहेत. अधिकाऱ्यांचेही मुख्य कागद गेले, पण त्यांच्या पत्रव्यवहाराच्या फायली बऱ्याच प्रमाणात वाचल्या. त्या फायलींत वारसांशी झालेला पत्रव्यवहार असतो, मृताच्या सामानाची यादी असते. तीस माणसांवर नीट काम करता येते म्हणून ते करू नये, कारण हजार माणसांवर करता येत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

आणि साधा सैनिक विस्मृतीत जातो हेही सरसकट खरे नाही. ३१ जुलै १९१७ रोजी पिल्केम टेकडीवर पडलेला कवी हेड विन १५व्या रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समध्ये साधा शिपाई होता. त्या युद्धातील वेल्श मृतांपैकी त्याच्याएवढे स्मरण कोणत्या कर्नलच्या वाट्याला आले?

शब्दवेध

हेड विनचे स्मरण होते ते त्याच्या मृत्यूनंतर आइस्टेडफॉड या वेल्श काव्यमहोत्सवात त्याच्या कवितेला मानाची खुर्ची जाहीर झाली आणि ती काळ्या कापडाने झाकावी लागली म्हणून. त्याच्या गावचा, ट्रॉसफनिथचा, पुतळाही गणवेशातला नसून मेंढपाळाचा आहे. असामान्य प्रतिभा असेल तरच शिपायाचे नाव राहावे आणि अधिकाऱ्याला मात्र हुद्दा पुरावा, हेच तर माझे दुःख आहे.

दप्तर जळाले हे मान्य, परंतु गावोगावची चर्चची स्मारके, त्या वेळची स्थानिक वृत्तपत्रे आणि १९२८ सालचा वेल्सचा राष्ट्रीय स्मरणग्रंथ जळालेला नाही. त्या ग्रंथात सुमारे ३५ हजार नावे आहेत. काम कष्टाचे आहे, अशक्य नाही.

कृष्णाकाठ

आपण दोघेही फ्रान्सपुरते बोलत आहात. वेल्श बटालियना मेसोपोटेमियातही, म्हणजे आजच्या इराकमध्येही, लढल्या, आणि तिथे हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो.

तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिच्या सुटकेसाठी जे सैन्य गेले त्यात साउथ वेल्स बॉर्डरर्सची ४थी, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सची ८वी आणि वेल्श रेजिमेंटची ८वी बटालियन होती. सुटका झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झाले. त्यावर वेल्श शिपायाचे नाव कोरले गेले, भारतीय पलटणींतील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि भारतीय जवानांची त्यांच्या पलटणीखाली फक्त संख्या दिली गेली. केनियन अहवालातील समानता अशी सुएझच्या अलीकडे येईपर्यंत संपली. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने ही विषमता मान्य केली आणि कमिशनने माफी मागितली.

आपल्याकडच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा वेशीजवळ एक लहानशी संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. ज्यांच्या पूर्वजांची मोजदाद आकड्यांत झाली, त्यांनी 'फक्त अधिकाऱ्यांची नावे' या पद्धतीचे समर्थन करताना फार विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडवाट

कृष्णाकाठ, बसऱ्याचा प्रकार संतापजनक आहे आणि त्याबाबत आपल्यात मतभेद नाही. मात्र तिथे राज्यसंस्थेने नावे नाकारली. एखाद्या अभ्यासकाने मर्यादित विषय निवडणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोन्हींना एकाच पारड्यात टाकल्याने राज्यसंस्थेचा गुन्हा हलका होतो.

माणदेश

मला वाटते वाद यादी असावी की नसावी याचा नसून ती कशी मांडावी याचा आहे. मामेत्झमध्येच वेल्श सैन्यातील कॅप्टन विन ग्रिफिथ ब्रिगेडच्या (काही बटालियनांच्या गटाच्या) मुख्यालयात काम करत होते आणि त्यांचा धाकटा भाऊ वॉटकिन १७व्या रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समध्ये साधा शिपाई होता. आपल्याच तोफांचा मारा थांबवण्याचा विन यांनी धाडलेला निरोप घेऊन जाणाऱ्यांत तो भाऊ होता, आणि त्याच कामगिरीत तो मारला गेला. विन वाचल्यामुळे मृत अधिकाऱ्यांच्या यादीत हे घर येत नाही, आणि शिपायांच्या यादीत वॉटकिनचे नाव आले तरी निरोप कोणी धाडला होता हे कळत नाही. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असूनही जे घडले ते कोणत्याच यादीत नाही.

म्हणून नामावली हुद्द्यानुसार न करता तारखेनुसार आणि कंपनीनुसार, म्हणजे बटालियनमधील तुकडीनुसार, करावी. ७ जुलैच्या पानावर थॉमस येतील, पाच दिवसांनंतरच्या पानावर विल्यम्स, आणि ज्याच्याविषयी जेवढी माहिती मिळेल तेवढी त्याच्या नावाखाली यावी. युद्धानंतर प्रत्येक मृताच्या घरी काशाची जी तबकडी पाठवली गेली, तिच्यावरही नाव होते, हुद्दा नव्हता. कर्नलच्या घरी आणि खाणकामगाराच्या घरी तीच तबकडी गेली.

गडवाट

तारखेनुसार मांडणी मला मान्य आहे. तिने विल्यम्स आणि थॉमस यांची ताटातूट टळते. परंतु अधिकाऱ्यांचा विभाग मी काढून टाकणार नाही आणि हुद्दाही पुसणार नाही. ७ जुलैच्या हल्ल्याच्या योजनेवर ११५व्या ब्रिगेडचे प्रमुख होरेशिओ एव्हान्स यांनी आक्षेप घेतला होता, तरी हल्ला झाला. ९ जुलैला डिव्हिजनचे प्रमुख आयव्हर फिलिप्स यांना पदावरून दूर करण्यात आले. हुकूम कोणाकडून निघाला, कोणी अडवला आणि कोणत्या कॅप्टनने तो आपल्या कंपनीपर्यंत नेला, हे हुद्दा गाळल्यावर वाचकाला कळणार कसे? डिक थॉमस कोणाच्या हुकमामुळे त्या उघड्या शेतात गेले, हे विचारायचे असेल तर अधिकाऱ्यांची नावे वेगळी आणि ठळकच लागतील.

शब्दवेध

हे कारण मला प्रथमच पटण्याजोगे वाटले. मात्र मग त्या विभागाला स्मरण म्हणू नये, आणि त्यात मृत अधिकाऱ्यांबरोबर जिवंत राहिलेले अधिकारीही यावेत. हुकूम देणारे बहुतेक वाचले होते.