चिलखती आगगाडी: नेत्याला आघाडीवर नेणारी की आघाडीपासून वाचवणारी?

सह्यवारा (धागाकर्ता)

युद्धकाळात चिलखती गाड्यांतून फिरणाऱ्या नेत्यांवरून परवा घरी वाद झाला. मुलाचं म्हणणं, हे सगळे भित्रे, लोखंडी पेटीत लपून बसायचे. मला ते पटलं नाही.

रशियात यादवी चालू होती, ऑगस्ट १९१८ मध्ये कझान शहर बोल्शेविकांच्या, म्हणजे क्रांती करून सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांच्या, हातून गेलं आणि मॉस्कोची वाट उघडी पडली. तेव्हा युद्धखातं सांभाळणारा ट्रॉट्स्की घाईघाईने जुळवलेल्या गाडीतून निघाला, कझानच्या अलीकडे स्वियाझ्स्कला थांबला आणि जवळजवळ महिनाभर तिथेच राहिला. शत्रूची तुकडी पिछाडीला आली तेव्हा गाडीतले कारकून आणि बिनतारीवालेसुद्धा बंदुका घेऊन उतरले. १० सप्टेंबरला कझान परत मिळालं.

त्या गाडीत छापखाना होता, तारघर, बिनतारी केंद्र, वीज तयार करणारा डबा, ग्रंथालय, न्हाणीघरसुद्धा. 'वाटेवर' अशा अर्थाच्या नावाचं वर्तमानपत्र चालत्या गाडीत छापून निघायचं. एका डब्यात मोटारी ठेवलेल्या. रूळ संपले की मोटारी उतरवायच्या आणि थेट खंदकापर्यंत जायचं. बूट, तंबाखू, औषधं गाडीतूनच वाटली जायची. अडीच वर्षं हा माणूस त्या गाडीत राहिला. याला लपणं म्हणायचं?

दौत

असहमत. तुम्ही स्वियाझ्स्कची अर्धीच गोष्ट सांगितलीत.

त्याच महिन्यात पेट्रोग्राडहून आलेली एक तुकडी आघाडी सोडून पळाली, बोट ताब्यात घेऊन निघून जायच्या बेतात होती. त्यांना पकडून तिथल्या तिथे लष्करी न्यायालय बसवलं. कमांडर, कमिसार (तुकडीवरचा पक्षाचा अधिकारी) आणि दर दहा सैनिकांमागे एक, अशांना गोळ्या घातल्या. दहावा माणूस कोण, हे त्याच्या वागण्यावर ठरलं असेल असं मला वाटत नाही. बूट आणि तंबाखू त्या गाडीतून आले हे मान्य, पण ही शिक्षाही त्याच गाडीबरोबर आली. गाडीने धीर दिला असं लिहिताना तो दहावा माणूस मोजायचा की नाही?

जुना गार्ड

मी मालगाडीचा गार्ड होतो, सगळी नोकरी भुसावळ भागातच झाली. तुम्ही दोघंही नेत्याकडे बघताय, मी रुळाकडे बघतो.

गाडीला वळता येत नाही. पोलाद कितीही जाड लावा, ती कुठून जाणार हे रूळ आधीच सांगून ठेवतात. चर्चिल तरुणपणी बातमीदार असताना १५ नोव्हेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात चिलखती गाडीत होता. ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर लोकांनी रुळावर दगड टाकले, डबे घसरले, चर्चिल कैद झाला. मांचुरियाचा, म्हणजे ईशान्य चीनचा, सत्ताधीश झांग झुओलिन ४ जून १९२८ ला मुकदेनजवळ आपल्या खास गाडीत मारला गेला, जपानी अधिकाऱ्यांनी पुलाला सुरुंग लावून ठेवला होता. आणि रशियाचा झार निकोलस? मार्च १९१७ मध्ये पुढची लाइन बंडखोरांच्या हातात, म्हणून गाडी मागे फिरवावी लागली. प्स्कोव्हला उभ्या असलेल्या डब्यातच त्याने राज्यत्यागावर सही केली.

व्हीआयपी स्पेशल यायची तेव्हा आमची मालगाडी तासन्‌तास लूपला, बाजूच्या रुळावर, पडलेली असायची. आधी वाट तपासायला पायलट इंजिन जायचं, मग स्पेशल. थंडीत ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यातून, दिसायचे ते हातात दिवा घेऊन उभे असलेले गँगमन, रूळ राखणारे कामगार. १९४५ मध्ये स्टालिन बर्लिनजवळ पॉट्सडॅमच्या परिषदेला गाडीने गेला, सुमारे १,९०० किलोमीटर, आणि त्या सगळ्या वाटेवर दर किलोमीटरला पहारेकरी उभे केले होते. एवढी माणसं बाहेर उभी करावी लागतात, तर चिलखताने वाचवलं काय?

सह्यवारा

गार्डसाहेब, झांगचा दाखला बिनतोड आहे. सुरक्षिततेचा मुद्दा मी सोडतो.

दौत, तो दहावा माणूस मोजायलाच हवा, मी मोजला नव्हता. तरीही भित्रेपणाचा आरोप मला सरसकट मान्य नाही. गाडीत बसून कोण काय करतो ते बघा. हिटलरच्या गाडीचं नाव आधी 'अमेरिका' होतं, पुढे 'ब्रांडेनबुर्ग' केलं. तिला विमानविरोधी तोफांचे डबे जोडलेले असायचे. एप्रिल १९४१ मध्ये बाल्कनची लढाई चालू असताना ती ऑस्ट्रियात म्योनिशकिर्शेनला बोगद्याच्या तोंडाशी उभी होती, विमानं आली तर आत ओढता यावी म्हणून.

त्याचा मंत्री आल्बर्ट श्पेअर याने आठवणींत १९४२ मधला प्रसंग लिहिलाय. रात्री जेवणाच्या डब्यात सगळे टेबलाशी बसलेत. शेजारच्या रुळावर एक मालगाडी येऊन थांबते, गुरांच्या डब्यांतून जखमी, उपाशी जर्मन सैनिक खिडकीकडे बघतायत. हिटलरने हात वर केला नाही, नोकराला पडदे ओढून घ्यायला सांगितलं. रूळ तेच, पोलाद तेच. ट्रॉट्स्की डब्यातून उतरला, याने पडदा ओढला. मुलाला मी हेच सांगत होतो.

दौत

प्रसंग अंगावर येतो, खरंच. पण उतरून जो येतो तो आपल्यासाठीच येतो, हे सैनिकाने कशावरून ओळखायचं? पडद्याआडच्या नेत्याने जखमींना टाकून दिलं, उतरलेल्याने पळणाऱ्यांना मारलं. मी त्यांच्यात वरखाली लावणार नाही.

जुना गार्ड

आजचं उदाहरण देतो. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद, म्हणून बहुतेक परदेशी पाहुणे पोलंडच्या प्शेमिशलहून रेल्वेने कीव्हला जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडेनही असेच गेले, रात्रभराचा, जवळपास दहा तासांचा प्रवास. रशियाला निघण्याआधी कळवलं होतं, हेही खरं. पण बॉम्बने उखडलेला रूळ काही तासांत परत जोडणारी गँग तिथे रोज कामावर आहे, आणि त्यातली माणसं मेलीत. त्या रात्री ड्रायव्हर कोण होता, रूळ बदलायचे पॉइंट कोणी लावले, हे कुणी विचारलं का? मी बातम्यांत शोधत होतो.