मदत हवी आहे: चर्चेची सुरुवात कुठून करू?

भुसावळच्या आमच्या वाचनगटात रविवारी 'धर्माचा अपमान, निषेध आणि बोलण्याचं स्वातंत्र्य' यावर चर्चा आहे. वीसेक मुलं येतात, ख्रिस्ती आणि मुस्लिमही. मागच्या वेळी डेन्मार्कच्या वर्तमानपत्रातल्या २००५ च्या, पैगंबर मुहम्मदांवरच्या व्यंगचित्रांपासून सुरुवात केली आणि मुस्लिम मुलं गप्पच झाली. एकजण तासभर पाण्याच्या बाटलीचं लेबल नखानं खरवडत बसला. फार वाईट वाटलं.

म्हणून आता १९८८ चा पॅरिसचा प्रसंगही घेतलाय. येशूवरच्या सिनेमावरून कट्टर कॅथलिकांनी थिएटर पेटवलं होतं. धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचा कायदा वाचलाय: जुन्या दंडसंहितेतलं कलम २९५अ, आताचं भारतीय न्यायसंहितेतलं २९९. व्यंगचित्रं दाखवणार नाही. वेळ दीड तास.

शांत निषेध आणि धमकी यांतला फरक मुलांनीच शोधावा, कुणाला आपल्या धर्माची वकिली करावी लागू नये, यासाठी पहिला प्रश्न कोणता विचारू?