दार उघडलं की थेट डेक: अशा केबिनमध्ये राहिलात का कुणी? अनुभव लिहा

किनारवेडी
काल नणंदेचा फोन. क्रूझ बुक करतेय, एजंट विचारतोय की स्वतःची बाल्कनी हवी, का प्रोमनाड डेकवर (म्हणजे सगळ्यांच्या फेरफटक्याच्या डेकवर) दार उघडणारी केबिन? आणि मला आईबरोबरची आमची सफर आठवली.

आम्ही मुद्दाम डेकवरची घेतली होती. आईचे गुडघे दुखायचे. लांबलचक कॉरिडॉर, मग लिफ्टसाठी थांबा, मग वरच्या डेकवर खुर्ची शोधा, हे तिला झेपणारं नव्हतं. इथे काचेचं दार सरकवलं की चार पावलांवर कठडा, त्यापलीकडे समुद्र. पण मधल्या चार पावलांवरून सगळी बोट चालते!

काच दिवसा बाहेरून आरशासारखी दिसते. लोक थांबून केस नीट करायचे, दात बघायचे. एक आजोबा रोज सकाळी आमच्याच काचेत टोपी सरळ करायचे. आई आत वीतभर अंतरावर बसलेली, त्यांना पत्ताच नाही. ती आतून हात हलवायची. शेवटी एक दिवस तिने दार सरकवून त्यांना "गुड मॉर्निंग" म्हटलं. ते आधी दचकले, मग हसले. त्यानंतर प्रत्येक फेरीला टोपी काढून नमस्कार. आई त्यांची वाट बघायला लागली होती.

मला स्वतःला विचाराल तर, घोळक्यात रमणाऱ्या माणसासाठी हीच केबिन. तुमचे अनुभव येऊ द्या.

उनाडपाखरू
रात्रीचं लिहायचं राहिलं ताई! बाहेर अंधार आणि आत दिवा, की सगळं उलटं होतं. जिथे उजेड जास्त ती बाजू दिसते. त्यामुळे आधी पडदा, मग दिवा. हा क्रम घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा.

शांतिप्रिय
आम्हाला नाही मानवली. पहाटे डेक धुवायला पाइप घेऊन माणसं हजर. मग चालणारे, मग पळणारे. पाटी असते अमुक वाजायच्या आधी पळू नका म्हणून, पण वाचतो कोण. बंदराला धक्का नसला की किनाऱ्यावर न्यायला लाईफबोटीच खाली सोडतात, तो आवाज अगदी डोक्यावर. बायकोने पडदा उघडूच दिला नाही. मग समुद्र कुठे बघायचा?

किनारवेडी
@शांतिप्रिय, वहिनींचं पटतंय मला. ज्यांना कपडे बदलल्याशिवाय, केस विंचरल्याशिवाय बाहेर डोकवायला आवडत नाही त्यांना बाल्कनीच बरी.

दोनपिल्लं
धागा मस्त. लहान मूल बरोबर असेल तर दाराची वरची कडी आधी बघा, मूल हात पोचवू शकतं का ते. आमची धाकटी दार सरकलं की थेट कठड्याकडे. झोप लागेना मला. सविस्तर नंतर लिहिते, शाळा सुटायची वेळ झाली.

जुनानाविक
बोटीवर नोकरी केली आहे म्हणून थोडं लिहितो.

प्रोमनाड डेकच्या वर बहुतेक ठिकाणी लाईफबोटी टांगलेल्या असतात. समोर समुद्र दिसतो, पण वरचं आकाश कापलं जातं, आणि काही केबिनसमोर लाईफबोट टांगायचा पाळणा किंवा खांब येतो. केबिन नंबर घेऊन डेकचा नकाशा उघडा आणि तिथेच काय आहे ते बघा. 'अडलेलं दृश्य' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

हाच डेक बऱ्याच बोटींवर आपत्कालीन जमायची जागा असतो. कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ २०१२ च्या जानेवारीत बुडाली तेव्हा आदल्याच बंदरात चढलेल्या कित्येकांचा तिथे जमायचा सराव झालेला नव्हता, कारण तेव्हा २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला, आता सराव बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी. पहिल्या दिवशी दारासमोर गर्दी दिसली तर घाबरू नका.

फायदा असा की हा डेक खाली असतो. बोटीच्या मध्यावरची केबिन मिळाली तर हेलकावे सगळ्यात कमी. अगदी पुढची घेऊ नका. तिथे वारा जोरात असतो, आणि धक्क्याला लागताना पुढचे थ्रस्टर (बोट आडवी सरकवणारे पंखे) सुरू झाले की केबिन थरथरते.

उनाडपाखरू
काका, खूप उपयोगी. वादळात डेक बंद करतात तेव्हा या दाराचं काय?

जुनानाविक
दार बंदच ठेवायचं, तशी घोषणा होते. आतल्या कॉरिडॉरचं दार असतंच, ये-जा तिकडून. आणि एरवीही वाऱ्यात ते दार एका हाताने ओढू नका, बोटं सांभाळा.

खुर्चीवाली
खुर्च्यांबद्दल कुणीच बोललं नाही? हॉलंड अमेरिका कंपनीच्या झांदाम आणि फोलेंडाम या बोटींवर अशाच, लनाई नावाच्या केबिन आहेत, तिथे केबिनसमोरच्या दोन डेकचेअर तुमच्यासाठी राखीव. आमच्या बोटीवर (वेगळी होती) खुर्च्यांवर केबिन नंबर होता, तरी रोज कुणीतरी पुस्तक घेऊन बसलेलं.

शांतिप्रिय
उठवलंत की नाही?

खुर्चीवाली
पहिल्यांदा जीभच उचलेना. मग नवरा म्हणाला, मी टॉवेल घेऊन नुसता शेजारी उभा राहतो. दोन मिनिटांत खुर्ची रिकामी. :) पण एकदा एक बाई बसल्या होत्या, नवरा नुकताच गेलेला, दोघांनी ठरवलेली सफर त्या एकट्या करत होत्या. त्यांना बसूच दिलं. पुढचे सगळे दिवस ती खुर्ची त्यांचीच होती.

दोनपिल्लं
अगं, डोळ्यांत पाणी आणलंस.

आतलीखोली
थोडं अवांतर. डेक नाही, पण मी बोटीच्या पोटात राहिलेय. व्हॉयेजर ऑफ द सीज ही बोट १९९९ ला आली, तिच्यात मधोमध दुकानांचा रस्ताच आहे आणि काही केबिनच्या खिडक्या त्या रस्त्यावर उघडतात. वरून मिरवणूक बघायला फार मजा. तिथेही पडद्याचा तोच नियम, समोरच्या खिडकीतून सगळं दिसतं!

जुनानाविक
श्रीमंतांनी ही अडचण फार आधी सोडवली होती. टायटॅनिकवर १९१२ साली दोन सुइट असे होते ज्यांना डेकचा खासगी तुकडा जोडलेला होता. फेरी मारा, कुणी बघत नाही.

उनाडपाखरू
टायटॅनिक नका काढू काका, पुढच्या महिन्यात निघायचंय.

मळमळ
माझ्यासाठी हा विषय जिव्हाळ्याचा. मला बोट लागते. आतल्या केबिनमध्ये कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे, तिथेच पोट ढवळतं. डेकवर येऊन क्षितिजावर नजर लावली की दोघांचं जुळतं आणि बरं वाटतं. मध्यरात्री ढवळायला लागलं तेव्हा गाऊनवर शाल घेतली आणि दोन पावलांत बाहेर. चिटपाखरू नव्हतं. वरच्या मजल्यावर असते तर लिफ्टमध्येच अनर्थ झाला असता. लोकांनी आरशात दात बघितले तर बघू देत, मी पुन्हा हीच घेईन.

आतलीखोली
आलं चघळून बघितलंस का?

मळमळ
थोडा फरक पडतो. पण मोकळ्या हवेला तोड नाही.

शांतिप्रिय
हे वाचून वाटतंय की बायकोला बाल्कनी आणि मला डेक, असं शेजारी-शेजारी मिळालं तर उत्तम. @किनारवेडी, आईंचे गुडघे आता कसे आहेत?

किनारवेडी
शस्त्रक्रिया झाली, आता काठीशिवाय चालते. विचारलंत, बरं वाटलं.

नवीनवाचक
पहिल्यांदाच लिहितोय. बाबा व्हीलचेअरवर असतात. या दाराला उंबरा असतो का?

जुनानाविक
बाहेर उघडणाऱ्या दाराला पाणी अडवायला बहुधा पट्टी किंवा उंबरा असतो. दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची आणि उतरती फळी लावून मिळेल का, हे तिन्ही लेखी विचारा. 'ॲक्सेसिबल' म्हणून नोंद असलेली केबिनच मागा, त्या मोजक्या असतात आणि लवकर जातात.

नवीनवाचक
आजच मेल टाकतो. धन्यवाद काका.