इंदूरजवळ राऊच्या पुढे राहणाऱ्यांसाठी: आधी टॉवर दिसतो का ते बघा

वर ज्यांनी लिहिलंय की कॉलनीत इंटरनेटची एकच कंपनी आहे आणि ती 'लाइन शक्य नाही' म्हणते, त्यांना सांगतो: थांबू नका. राजेंद्रनगर सोडून राऊच्या पुढे राहायला आलो तेव्हा आमचंही हेच झालं होतं.

आधी गच्चीवर बसवायचा वायरलेस जोड घेतला, म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं इंटरनेट. मे महिन्यात छान चालला, पण पावसाळ्यात समोरचा आंबा पालवीने भरला आणि वेग कोसळला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना ओली पानं चालत नाहीत, टॉवर सरळ दिसायलाच हवा.

शेवटी शेजारच्या काकूंनी घरोघरी फिरून नऊ नावं जमवली. ती यादी घेऊन केबलवाल्याकडे गेलो. एका घरासाठी तो खांबावरून फायबर ओढत नव्हता, नऊ घरांसाठी लगेच तयार झाला. एका फायबरवर स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक तारांत वाटणारा तुकडा) लावून ३२ घरंसुद्धा जोडता येतात, म्हणून त्यालाही परवडलं.

जोडणी झाली की मीटरवर सिग्नल मोजायला लावाच. आमच्याकडे उणे २९ डीबीएम आला (आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर), मोडेमचा लाल दिवा जाईना. फायबरचा सांधा पुन्हा केल्यावर उणे २१. आणि वीज जाते तिथे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मुलांची परीक्षा ऑनलाइन असेल तर आजच.