मदत हवी आहे: एकच प्रथिन कापणारी दोन विषं, मग परिणाम उलटे का?

नमस्कार मंडळी,

बारावीच्या मुलांसमोर चेतासंस्थेवरच्या नैसर्गिक विषांबद्दल तासभर बोलायचं कबूल करून बसलोय. निम्मी तयारी झाली आणि गाडी अडली.

सोपी विषं पटकन जमली. पफरफिशमधलं टेट्रोडोटॉक्सिन चेतापेशीवरचं सोडियमचं दार बाहेरून बंद करतं, म्हणजे संदेश पुढे सरकतच नाही. क्युरारे (बाणाच्या टोकाला लावायचं वनस्पतीचं विष) स्नायूवरच्या असिटिलकोलीनच्या, म्हणजे तंतूकडून स्नायूला संदेश देणाऱ्या रसायनाच्या, जागा अडवतं. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचा बेडकावरचा प्रयोग वाचून तर मजा आली. क्युरारे दिल्यावर चेतातंतूला विजेचा झटका दिला तर पाय ढिम्म. तोच झटका थेट स्नायूला दिला की पाय उडतो!

घोडं अडलंय ते धनुर्वातापाशी. धनुर्वाताचं विष आणि बोटुलिनम या दुसऱ्या जिवाणू-विषाचा बी प्रकार, दोघेही सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन कापतात, तेही अगदी एकाच जागी. १९९२ सालीच हे सिद्ध झालंय. प्रथिन तुटलं की संदेश देणाऱ्या रसायनाच्या पुड्या पेशीच्या टोकाशी येऊन नुसत्या पडून राहतात, रिकाम्या होत नाहीत. इथवर कळलं. पण बोटुलिनमने पापण्या गळतात, अंग लुळं पडतं, आणि धनुर्वातात पाठीची कमान होते (नावातच धनुष्य!). कात्री एकच, मग असं का? कागदावर बाण काढून काढून थकलो.

प्रतिसाद १
कात्री कुठे चालते ते बघा. बोटुलिनम स्नायूजवळच्या टोकातच काम करतं, त्यामुळे असिटिलकोलीन सुटत नाही. धनुर्वाताचं विष शिरतं तिथूनच, पण तंतूच्या आतून उलटं वर चढून मज्जारज्जूत पोचतं आणि शेजारच्या, लगाम खेचणाऱ्या पेशीत घुसतं. मग ग्लायसिन आणि गाबा ही लगामाची रसायनं आतच अडकतात. लगाम गेला की स्नायू सुटतात उधळत. कुचल्यातलं स्ट्रिक्नीन ग्लायसिनच्या जागा अडवतं. आचके साधारण तसेच.

धागाकर्ता
अरे वा, म्हणजे माझे सगळे बाण खालच्या दिशेने होते, तिथेच घोळ! आता एक उपप्रश्न: जखम पायाला असली तरी बहुतेकदा आधी जबडाच का आवळतो?

प्रतिसाद २
विष रक्तातून सगळीकडच्या तंतूंच्या टोकांशी पोचतं. चेहऱ्याचे तंतू आखूड, त्यामुळे तिथून वर चढायला वेळ कमी लागतो. पायाकडून निघालेलं अजून वाटेतच असतं.