बचावपटूचा अंदाज गोलांवरून घेऊ नका

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की बेळगावचा तो सोळा वर्षांचा हॉकीतला फुलबॅक, म्हणजे मागचा बचावपटू, पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या चुकीमुळं गोलरेषेवरून मिळणाऱ्या फटक्यावर) गोल करत नाही, म्हणून त्याला पुढं संधी नाही. हे पटत नाही. कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढत जोरात गोलमध्ये भिरकावतात, त्या ड्रॅग फ्लिकसाठी कंबर, मांड्या तयार व्हायला वेळ लागतो. आत्ताच रोज शंभर फ्लिक मारायला लावलंत तर पाठ जाईल.

बघायचं ते वेगळंच. तो टॅकल कधी करतो, म्हणजे चेंडू हिसकावायला कधी जातो? चांगला पोरगा आधी समोरच्या फॉरवर्डला साइडलाइनकडं, फॉरवर्डच्या रिव्हर्स (स्टिक उलटी धरावी लागते त्या डाव्या) बाजूला ढकलतो, अन् चेंडू फॉरवर्डच्या स्टिकपासून सुटला की मगच स्टिक घालतो. आधीच झेप घेणारा एका डॉजमध्ये (हुलकावणीत) मागं पडतो, आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, त्याचा पाय चेंडूला लागला की पेनल्टी कॉर्नर. चेंडू यायच्या आधी मान वळवून बघतो का, हेही टिपून ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण मैदानाची. मातीवर चेंडू उडतो, म्हणून पोरं उभ्यानं थांबवायला शिकतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तोच चेंडू स्टिकखालून निसटतो. बेंगळुरूच्या निवड चाचणीआधी त्याला टर्फवर सराव मिळायलाच हवा, नाहीतर चांगला पोरगा फुकट बाद होईल.