‘बनाना’ म्हणे संस्कृत!

चोपड्याचे मास्तर : काल इथे एकाने ठोकून दिलं की ‘बनाना’ हा शब्द इंग्रजांनी आपल्या ‘वनान्ना’वरून उचलला. त्यावर वाहवा करणारेही कमी नाहीत! संस्कृतात केळीला कदली, रंभा, मोचा. हे वनान्न कोणत्या पोथीतलं? ‘बनाना’ इंग्रजीत आला पोर्तुगीज-स्पॅनिशांकडून आणि त्यांना मिळाला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात तो लिहितो, या फळाला गिनीत, म्हणजे त्याच आफ्रिकी किनाऱ्यावर, बनाना म्हणतात. शब्द इथला असता तर गोव्यात बसून त्याने गिनीचं नाव कशाला घेतलं असतं?

तापीकाठ : ते पोस्ट माझंच. आपलं काही म्हटलं की मास्तरांच्या पोटात दुखलंच. बरं, संस्कृत नको तर अरबी घ्या. अरबीत ‘बनान’ म्हणजे बोट. केळ्याची फणी बघा की, हाताच्या बोटांसारखीच!

चोपड्याचे मास्तर : काल संस्कृत, आज अरबी. अरब स्वतः केळ्याला ‘मौझ’ म्हणतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने केळीला दिलेलं ‘मुसा’ त्यावरूनच.

तापीकाठ : आणि मौझ आपल्या ‘मोचा’वरून, असं मानणारे अभ्यासक आहेत. आता बोला!

रावेरकर : शब्द कुठून आला ते राहू द्या रे भो, भाव कुठे गेला ते सांगा. जाहीर भावाच्या बोर्डावर एक, बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. गेल्या कांदेबागाचे, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचे, घड सकाळी कापून बांधावर मांडले, गाडी दुपारी आली. व्यापाऱ्याने एक फणी उलटी केली, नखाने साल खरवडली आणि म्हणाला, ‘माल पातळ आहे, दोनशे कमी.’ कापलेला घड परत खोडाला लावता येतो का?

सावद्याचा पुतण्या : माझे काका याच धंद्यात आहेत, म्हणून सांगतो. दिल्लीपर्यंत माल काळा पडला तर भुर्दंड कोण भरतो? तुम्ही?

रावेरकर : काकांना सांग, एक दिवस येऊन डोक्यावर घड वाहा. मग भुर्दंडाचं बोलू.

सावद्याचा पुतण्या : तोंड सांभाळून. सगळे व्यापारी चोर नसतात.

रावेरकर : नसतील. आमच्या बांधावर येतात तेवढेच असावेत.

यावलची सून : इंग्रजीत ‘गो बनानाज’ म्हणजे वेड लागणं. वादळात निसवलेली, घड बाहेर पडलेली बाग आडवी झाली तेव्हा सासरे दोन दिवस जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. इंग्रजांना त्यात गंमत वाटते, वाटो. आणि पुतणेभाऊ, त्या आडव्या बागेला तुमच्याकडून कुणी फिरकलं नाही हो.

सावद्याचा पुतण्या : वहिनी, पडलेला माल कोण घेणार? पण निदान बघायला यायला हवं होतं, ते खरं.

चोपड्याचे मास्तर : विषय शब्दाचा होता. असो. तापीकाठ, मोचाचं शक्य आहे. पण ते मौझपुरतं. ‘बनाना’ आफ्रिकेचाच.

तापीकाठ : उपकार झाले मास्तर! वनान्न मी खोडतो, मोचा ठेवतो.

रावेरकर : ठेवा. अन् उद्याचा बोर्डाचा भाव कुणाला कळला तर तेवढा टाका.